शून्य पाकिटांचा माणूस

व्हर्लिन स्टिडम गेली एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या तळघरात आम्ही दोघीच. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक तपासणीला तिचा ठरलेला कोड लावायचा, हे आमचं काम. मी पटापट लावून मोकळी होते. व्हर्लिन वाचत बसते. तिला भारी चौकशा. "ग्लेंडा, हा माणूस शिडीवरून दोनदा पडलाय. तीच शिडी असेल का गं?" असलं काहीतरी दिवसातून दहा वेळा. मला वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

मार्चमधल्या एका सोमवारी तिच्यापुढे डेलमस फ्युगेटचे कागद आले. वय एकाहत्तर, खोकला नाही, कसला त्रास नाही. सिगरेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात कॅन्सर लपून बसलाय का, ते बघायचा स्कॅन गुरुवारी ठरला होता. त्याला विमा कंपनीची अट असते. दिवसाला किती पाकिटं गुणिले किती वर्षं, आणि गुणाकार निदान वीस यायला हवा. डेलमसची वर्षं होती बावन्न आणि पाकिटं शून्य. कॉम्प्युटरने गुणाकार शून्य काढून गुरुवारची वेळ रद्द करायची खूण लावली होती.

"बावन्न वर्षं ओढतोय आणि पाकीट एकही नाही," व्हर्लिन म्हणाली. "मग ओढलं काय, चुलीचा धूर?"

"नर्सने घाईत काहीतरी टाकलं असेल. रद्द कर आणि पुढचं घे."

तिने पुढचं घेतलं नाही. त्या शून्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"आमच्या बाबांना असंच विचारलं होतं. दिवसाला किती पाकिटं? 'एकही नाही, बाई,' म्हणाले छाती काढून. मी शेजारीच बसले होते. मी हसलेसुद्धा."

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या माणसांनी दुकानातली सिगरेट कधी घेतलीच नाही. तंबाखू घरच्या शेतातली, घरच्या कोठारात टांगून वाळवलेली, कागदात वळून ओढायची. पाकीट विकत घेणारा तो उधळ्या. व्हर्लिनचे बाबा सहा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण आम्हाला माहीत असून उपयोग काय? कागदावर नाही ते आम्ही धरायचं नाही. डेलमसला फोन तर मुळीच करायचा नाही, मग तो दर रविवारी चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर का बसेना. डॉक्टरला लेखी प्रश्न तेवढा विचारता येतो, आणि त्यात उत्तर सुचवायचं नाही. असे प्रश्न तपासायचं काम माझ्याकडे आहे.

व्हर्लिनने लिहिलं, रुग्ण घरची तंबाखू वळून ओढतो का? मी परत केलं. मग लिहिलं, पाकिटाऐवजी वळलेल्या सिगरेटी ओढतो का? तेही परत केलं.

"तू माणूस आहेस की कुलूप?" ती म्हणाली.

"नियम मी केला नाही, व्हर्लिन."

चीड मलाही आली होती, पण तिचा प्रश्न नियमात बसला नाही तर पुढे विमा कंपनीने सगळंच फेटाळलं असतं. मंगळवारी सकाळी तिने तिसरा लिहिला. रुग्ण बावन्न वर्षं काय ओढतो, कसं आणि किती, ते कृपया लिहावं. तो मी पाठवला.

डॉक्टर बाहेरगावचा, नवा. त्याने डेलमसला बुधवारी पुन्हा बोलावलं. नर्सने सगळं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं. डेलमस म्हणाला, मोजतं कोण? त्याची बायको ओपल म्हणाली, "मी मोजते की. दर शनिवारी पिठाबरोबर वळायच्या कागदांची सात पुडकी आणते. पुडक्यात चोवीस कागद. पुढच्या शनिवारपर्यंत एक उरेल तर शपथ."

म्हणजे दिवसाला चोवीस सिगरेटी, आणि पाकिटात असतात वीस. गुणाकार बासष्टच्या वर गेला. व्हर्लिनने दोनदा करून बघितला.

गुरुवारी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली, आणि एप्रिलमध्ये ती काढलीही. ते सगळे कोड व्हर्लिननेच लावले. बाहेर अवाक्षर काढलं नाही. इतकी चौकस बाई इतकी गप्प राहू शकते, हे मला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं.

जूनमध्ये चर्चचं जेवण होतं. व्हर्लिन घेवडा वाढत होती, मी मक्याचा कॉर्नब्रेड. डेलमस ताट घेऊन आला. बारीक झाला होता, पण आवाज तसाच खणखणीत.

"तुमच्या हॉस्पिटलात कुणीतरी रिकामटेकडं बसलंय बघा," तो म्हणाला. "एका प्रश्नासाठी मला वीस मैल परत बोलावलं. नसत्या चौकशा लोकांना."

मी कॉर्नब्रेडचा तुकडा पुढे केला. व्हर्लिनने त्याच्या ताटात एक पळी वाढली.

"आमच्या बाबांना कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, डेलमसकाका," ती म्हणाली.

तिच्या बाबांना त्याने खांदा दिला होता. तो ताट धरून तिथेच उभा राहिला. मागे रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं.

"अजून एक पळी वाढ, पोरी," तो म्हणाला.