सळ्या वाकवणारे हे आणि मागावरची मी

आमची खोली बोईसरला, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून. हे वेल्डर. यांच्या कारखान्याचा माल जहाजानं परदेशी जायचा. तिकडं युद्ध पेटलं, जहाजं लांबच्या वळशानं जाऊ लागली आणि ऑर्डरी थांबल्या. तीन पाळ्यांची एक झाली. ठेकेदाराची माणसं आधी घरी पाठवली, त्यात हेही.

घरी बसले म्हणायचं एवढंच, बसत नव्हतेच. उठायचे, कारखान्याच्या गेटपर्यंत जायचे, परत यायचे. मग एके दिवशी कुठून तरी फळी आणि चार सळ्या घेऊन आले. युद्ध चाललेल्या देशात बांधकामाला माणसं हवी होती. लग्नाआधी यांनी गावाकडं मामाच्या हाताखाली स्लॅबच्या सळ्या बांधल्या होत्या. त्याच जोरावर तिकडं जायची परीक्षा द्यायची ठरवली. दिवसभर चाळीच्या दारात खणखणाट. शेजारी कावले, मीही कावले.

परीक्षेत पास झाले त्या संध्याकाळी मी विचारलं, "तिथली माणसं काय करतात मग?"

"शेजारच्या मुलखातून मजूर यायचे. आता त्यांना येऊ देत नाहीत."

"म्हणजे त्यांच्या पोटावरचं तुम्ही उचलायचं?"

"आणि माझ्या पोटावरचं कुणी उचललं?" हे म्हणाले. मी बॅग भरायला घेतली.

हे गेले आणि महिन्याभरात आमच्या चाळीमागच्या कापड कारखान्यात माणसं कमी पडली. मागावरचे कितीतरी उत्तरेकडचे कामगार अशाच कामांसाठी बाहेर गेले होते. कारखान्यात बायका फक्त कापडाच्या घड्या घालायच्या. आता सुपरवायझर म्हणाला, माग शिकणाऱ्या बायका हव्यात. मी गेले. माझ्याबरोबर जव्हारकडची एक बाई होती, दरवर्षी वीटभट्टीला जाणारी. पहिल्या दिवशी मी हात मागं घेतला तशी ती हसली, "बाय, ते काय चावत नाय. धागा पकड."

दोन महिन्यांत आम्ही प्रत्येकी चार माग सांभाळू लागलो. कान बधिर व्हायचे, पण चालताना माझी पाठ ताठ राहू लागली होती. फोनवर सांगितलं तर हे नुसतं "बरं" म्हणाले.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत यांचा व्हिडिओ कॉल आला. "भाजी कसली?" असं विचारतायत तोवर पलीकडं हल्ल्याचा भोंगा वाजला. चित्र हललं. जिना, धावणारे बूट, मग अंधार. मी हाका मारत राहिले. जव्हारच्या बाईनं माझा दंड धरला. "वरडू नको. ऐक नुसतं." बऱ्याच वेळानं आवाज आला, "आहे गं. आहे मी." सुट्टी संपली होती. मी मागावर गेले. धागे तुटत होते, मी जोडत होते, आणि पुन्हा तेच तुटलेत का नवे, काही कळत नव्हतं.

पुढं यांच्या शेजारच्या इमारतीवर क्षेपणास्त्राचा तुकडा पडला. बरोबरचा एक जण जखमी झाला. कराराची मुदत संपायच्या आत हे परत आले. वाळलेले. पाळी बदलायचा भोंगा वाजला की हे ताटावरून उठून दाराकडं जात. आम्ही तळमजल्याला राहतो, पळत उतरायला जिनाच नाही. दारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं आणि ते उगाच बाहेर बघत उभे राहायचे.

यांच्यासारखाच एक जण कापड कारखान्यात परतला. माझे माग आधी त्याचे होते. सुपरवायझरनं मला बोलावलं. "तुम्ही परत घड्यांवर जाल का?" तो माणूस कोपऱ्यात उभा होता, चप्पल हातात घेऊन. मला त्याच्याकडं बघवलं नाही.

"नाही जाणार," मी म्हणाले. "त्यांच्यासाठी दुसरीकडं बघा."

त्याला दुसऱ्या युनिटमध्ये घेतलं, आठवड्यानंतर. तो आठवडा मला जेवण गेलं नाही. कारण सांगितल्यावर हे म्हणाले, "बरोबर केलंस." पण माझ्याकडं न बघता.

आता हे पालघरला एका इमारतीच्या कामावर जातात. वेल्डिंगचं बोलावणं अजून नाही. मला पहिली पाळी असते, डबा हेच करतात. परवा परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाचा फोन आला. दुसरा कुठला तरी देश, तिथंही युद्ध. हे फोन घेऊन रस्त्यापर्यंत गेले. बराच वेळ बोलत होते. आत आले आणि पोळ्या लाटायला बसले. मी तवा तापत ठेवला. हे जाणार की नाही, मला अजून माहीत नाही.