तिसऱ्या मजल्यावरचं वॉशिंग्टन

सोव्हिएत युनियन बुडाल्याची बातमी साऱ्या जगाला कळली, फक्त सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीला कोणी कळवली नाही. आणि याला एकटे माझे सासरे जबाबदार आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात जगाचा जुना नकाशा टांगलाय. त्यात जर्मनी अजून दोन आहेत आणि वरचा भाग लालभडक रशियाने व्यापलाय. पहिल्या दिवाळसणाला मी जावयाच्या उत्साहात नवा नकाशा भेट म्हणून नेला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, रशियाच्या तुकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान आहे. फडताळात घालायला कागद हवाच होता हिला."

सासऱ्यांचं बोहरी आळीत नटबोल्टचं दुकान होतं, त्यामुळे ते स्वतःला भांडवलशाहीचा आधारस्तंभ समजतात. मुक्त बाजारपेठेवर ते तासभर बोलतात. मात्र समोर दुसरं नटबोल्टचं दुकान निघालं तेव्हा पंधरा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. भाजी खारट झाली तर ते तिला ‘चिथावणी’ म्हणतात, सासूबाई माहेरी गेल्या तर ‘राजदूत परत बोलावला’ म्हणतात. सासूबाई म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. त्या सगळ्यांचं ऐकून घेतात, निषेध नोंदवतात आणि चहा टाकतात.

पण महासत्ता एकटी असून भागत नाही. दुसरी महासत्ता तळमजल्यावर राहायची. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, युनियन गाजवलेले विधुर गृहस्थ. सगळी पेठ त्यांना कॉम्रेड म्हणते, सासरे ‘मॉस्को’ म्हणतात. खासगी मालमत्ता नष्ट झाली पाहिजे, असं कॉम्रेडचं ठाम मत. पण दारातल्या त्यांच्या लिंबाच्या झाडाला कोणी नुसता हात लावला, तरी ते सदऱ्याची बटणं लावत बाहेर यायचे. सासऱ्यांनी आपल्या गॅलरीतून नेमका त्या झाडावर सीसीटीव्ही रोखला. दुसऱ्या दिवशी कॉम्रेडनी झाडावर छत्री बांधली. सासरे आनंदाने म्हणाले, "बघितलंत? काहीतरी लपवताहेत!"

गंमत म्हणजे दोघं एकमेकांशी थेट कधीच भांडले नाहीत. महासत्ता स्वतः भांडत नसतात, त्यासाठी इतर देश असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून कुरबूर झाली, तेव्हा सासऱ्यांनी एकाला सोसायटीचे नियम काढून दिले आणि कॉम्रेडनी दुसऱ्याला निषेधपत्र लिहून दिलं. ती बिऱ्हाडं आजही एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्या संध्याकाळी दोन्ही महासत्ता मात्र वेळेवर फिरायला गेल्या, रस्त्याच्या दोन बाजूंनी.

मी पहिल्या मजल्यावर, म्हणजे अलिप्त राष्ट्र. निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्यांना सांगा, व्हिएतनाम विसरलात का?" असं कॉम्रेड म्हणायचे, आणि वर गेलं की सासरे विचारायचे, "आणि अफगाणिस्तानात कोण तडफडलं म्हणावं?" मला दोन्हीतलं काही धड माहीत नव्हतं, पण खाली गेलो की कॉम्रेड लिंबाचं लोणचं द्यायचे आणि ते कळलं की वरून चकल्यांचा डबा यायचा. एकदा मी चकल्या जरा कडक आहेत म्हणालो, तर खालून लोणच्याची अख्खी बरणी आली. अलिप्ततावादाचा अर्थ मला शाळेत कधी कळला नव्हता, तो असा ताटात कळला.

मग लिफ्टचा प्रश्न आला. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि मेहुण्याने बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत लिफ्ट झाली नाही, तर तुम्ही दोघं बाणेरला माझ्याकडे यायचं." बाणेरच्या टॉवरचं नाव काढलं की सासरे नकाशाकडे बघत बसायचे. मला त्यांनी शपथ घातली होती, "गुडघ्याचं खाली कळता कामा नये. शत्रूला कमजोरी दाखवायची नसते."

आणि त्या लिफ्टपायी दोघांची तत्त्वं रातोरात उलटी झाली. तिसऱ्या मजल्यावरून सासरे गर्जले, "सोय सगळ्यांची, खर्चही सगळ्यांनी सारखा उचलला पाहिजे!" तळमजल्यावरून कॉम्रेडचं उत्तर आलं, "ज्याला वर जायचंय त्याने स्वतःच्या हिमतीवर जावं. बाजारात लिफ्ट मिळते, विकत घ्या म्हणावं." मी हे निरोप इमानेइतबारे पोहोचवले. माझं मत तुम्हालाच, असंही दोघांना सांगितलं. एकीकडे चकली तोंडात होती, दुसरीकडे लोणचं.

सभा जिन्याखाली भरली. मतं समसमान होती आणि राहिलो मी. सेक्रेटरींनी विचारलं, "बाजूने?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात वर केला. "विरुद्ध?" कॉम्रेडनी चष्म्यावरून पाहिलं. हात आपोआप पुन्हा वर गेला.

सासरे माझ्या साक्षीने प्रथमच थेट कॉम्रेडशी बोलले. "हे तुमच्याकडेही खातात?"

"बरणी संपवली," कॉम्रेड म्हणाले. "आणि तुमच्याकडे?"

"डबासुद्धा परत आला नाही."

दोन्ही महासत्ता माझ्यावर चालून यायच्या बेतात होत्या. मी घाबरलो आणि घाबरलो की माझं तोंड आपोआप चालू होतं. "अहो, लिफ्ट झाली नाही तर बाबांना गुडघ्यांपायी बाणेरला जावं लागेल म्हणून पहिला हात! आणि कॉम्रेडना वाईट वाटेल म्हणून दुसरा!"

सासऱ्यांनी डोळे मिटले. कॉम्रेड माझ्याकडेच बघत म्हणाले, "बाणेरला? तिथं यांच्याशी भांडणार कोण?" आणि सेक्रेटरींकडे वळून, "लिहून घ्या. लिफ्टला माझा तत्त्वतः विरोध. लिफ्ट बसवा आणि खर्चात माझाही वाटा धरा."

लिफ्ट बसली. सासरे रोज संध्याकाळी खाली उतरू लागले आणि लिंबाखालच्या बाकावर दोघं समोरासमोर भांडू लागले. मध्यस्थाची गरज संपली, तशी माझी चकलीही संपली आणि लोणचंही. जागतिक शांततेचा फटका गरीब राष्ट्रांना कसा बसतो, ते मला विचारा.

यंदा कॉम्रेड लेकीकडे राहायला गेले. कुठे, तर अमेरिकेत! सासऱ्यांना महिनाभर हसू आवरेना. जाताना कॉम्रेड झाडाला पाणी घालायचं काम त्यांच्यावर सोपवून गेलेत. आता भांडवलशाहीचा आधारस्तंभ रोज झारी घेऊन लिफ्टने उतरतो आणि एकही लिंबू न तोडता वर जातो.

परवा संध्याकाळी त्यांनी मला बाकावर बसवून घेतलं. "जावईबापू, थोडा वेळ कम्युनिस्ट व्हा."

मी घसा साफ केला. "जगातल्या कामगारांनो..."

"पुढे?"

पुढचं मला येत नव्हतं. नेहमीसारखं "बाबा, तुमचंही बरोबर आहे" म्हणून गेलो.

"राहू द्या. तुमच्याशी जिंकण्यात काही अर्थ नाही." त्यांनी झारी उचलली. लिफ्टचं दार उघडलं तरी आत शिरले नाहीत. तळमजल्याच्या कुलपाकडे बघत विचारलं, "तिकडे आत्ता सकाळ असेल ना?"

"हो."

"म्हणजे उठले असतील. फोन लावा," ते बाकावर परत बसत म्हणाले, "आणि सांगा त्यांना, व्हिएतनामचं मी मान्य केलेलं नाही."