रंग अजून ओला आहे

इलेक्ट्रिक गिटार रंगवणं हा माझा धंदा. वसईत आमच्या वाडीत, केळींच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे चालतो. जुन्या धाटणीच्या काही गिटारींत तारांच्या खुंट्या बसवलेलं वरचं टोकही अंगाच्याच रंगाचं असतं. आम्ही त्याला नुसतं डोकं म्हणतो. डोकं आणि अंग जुळवण्यात माझा हात चांगला आहे असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. त्या वाटण्यापायी जे झालं, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

माझा मोठा भाऊ चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवायचा. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. नसांचा आजार आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साध्या गिटारच्या तारा त्याला दाबवेनात. इलेक्ट्रिकवर बोट हलकं टेकलं तरी सूर निघतो, म्हणून त्याने माळ्यावरची आपली जुनी निळी गिटार काढली. तिची मान, म्हणजे डोक्याखालची लांब दांडी, वाकली होती. मी नवी बसवली. नव्या मानेचं डोकं कोऱ्या लाकडाचं होतं.

"राहू दे तसंच," तो म्हणाला. "वाजवायची आहे मला, मिरवायची नाही."

"अशी उघडी कशी देऊ? लोक मला हसतील."

"लोक तुला कशाला हसतील? वाजवणार मी!"

तरी मी ठेवून घेतली. आणि शिकाऊ माणूसही करणार नाही अशी चूक केली. तारांखालची प्लास्टिकची पट्टी काढून तिच्याखालचा रंग नमुना म्हणून घेतला. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. बाकी अंगावर रंगावरचं पारदर्शक लॅकर उन्हाने पिवळं पडून निळ्याचं हिरवट झालं होतं, खाडीच्या पाण्यासारखं. ट्यूबलाइटखाली डोकं जुळलं, उन्हात नेलं तर दुसऱ्याच गिटारचं वाटलं. घासून काढलं. लॅकरमध्ये थेंबभर पिवळा घालून पुन्हा मारलं, तर फार हिरवं झालं. पुन्हा घासलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की भाऊ शेडच्या दाराशी यायचा.

"झाली?"

"रंग अजून ओला आहे."

सुरुवातीला ते खरंही होतं. पाचूबंदराकडून दमट वारा सुटला की लॅकरवर पांढरी साय धरते, थांबावंच लागतं. पण नंतर नंतर गिटार पूर्ण तयार होती. तारा चढवलेल्या होत्या, मी स्वतः छेडून पाहिली होती. खटकत होती ती फक्त रंगाची एक छटा. तो येताना दिसला की मी तिच्यावर चादर टाकायचो.

"अरे, एवढ्या वेळात बंदरावरच्या सगळ्या होड्या रंगवून झाल्या असत्या," तो एकदा म्हणाला आणि हसला. हसताना डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत होता. ते मला दिसत होतं.

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. रंग हे निम्मंच कारण. आयुष्यभर लोक त्याच्याकडे बघत आले आणि मी मागे वायरी गुंडाळत राहिलो. एकदा तरी माझं काम बघून त्याने गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं.

शेवटी जुळलं. मी गिटार त्याच्या घरी नेली. वहिनीने अँप्लिफायर लावून दिला. त्याने मांडीवर घेतली, बोटं तारांवर ठेवली. एक तार नुसती खरखरली. त्याने पुन्हा दाबून पाहिलं, बोटं घसरली. वहिनी आत गेली.

मग त्याने गिटार उन्हाकडे वळवली. डोकं पाहिलं, अंग पाहिलं.

"जुळलंय रे. नवं कुठलं, कळतच नाही."

मी उभाच होतो.

"ओली असताना वाजली असती का रे?"

"नाही," मी म्हणालो. "रंग खराब झाला असता."

त्याने मान हलवली.

ती गिटार आता त्याच्या हॉलमध्ये टांगलेली असते. कुणी आलं की तो ती काढायला लावतो आणि खिडकीपाशी नेऊन दाखवतो. "माझ्या धाकट्याचं काम," म्हणतो. मी तिथे असलो तर चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.