बाबांचा आवडता इंग्रजी शब्द

टेनॅसिटी हा माझ्या वडिलांचा आवडता शब्द. लोणावळ्यात त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. हा शब्द फळ्यावर लिहिला की ते वर्गाला सांगत, "नुसतं चिकाटी असं लिहून मोकळे होऊ नका. धरलेलं न सोडणं, पण काय धरायचं ते कळून, ती टेनॅसिटी." आणि न कळता धरून बसणारा? तो ऑब्स्टिनेट. त्याचं उदाहरण तिसऱ्या बाकावर तयारच असे. "आमच्या घरात आहे एक," म्हणत ते माझ्याकडे बोट दाखवत आणि अख्खा वर्ग हसे. मीही हसत असे, कारण न हसणं हासुद्धा हट्टच ठरला असता.

पुढे बँकेच्या परीक्षेला मी चारदा बसले आणि चारदा आपटले. दर निकालानंतर घरी आलेल्या पाहुण्यांना या दोन शब्दांतला फरक समजावून सांगितला जाई. पाचव्यांदा फॉर्म भरायला बसले, तेव्हा बाबांनी कॉम्प्युटरची वायर उपसली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि जेवायला बसले. आई वाढत राहिली. खरं सांगायचं तर त्या नोकरीचं मला एवढं काही नव्हतं. तो शब्द त्यांनी एकदा माझ्यासाठी वापरावा, एवढंच हवं होतं. ते काही झालं नाही. मी तळेगावला एका गोदामाच्या ऑफिसात चिकटले, लग्न राहिलं, मग आई गेली.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज पंधरा मिनिटं शब्द म्हणवून घ्या. जबरदस्ती मात्र करू नका, पेशंट मिटून जातो." त्यातलं पहिलं वाक्य मी पाळलं.

रोज सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवायचे आणि चहाचा कप त्यांचा हात पोचणार नाही एवढा लांब ठेवायचे. "म्हणा, चहा." महिन्याभरात चहा आला, मग पाणी आलं. मग मी मुद्द्यावर आले. "म्हणा बाबा, टेनॅसिटी. माझ्या मुलीकडे टेनॅसिटी आहे, म्हणा." तोंड वाकडं व्हायचं, लाळ गळायची, पण 'टे'च्या पुढे गाडी जायची नाही. चहावर साय धरायची. मी घड्याळ बघायचे, कप मोरीत ओतायचे आणि ऑफिसला निघायचे. खोटं कशाला बोलू, ओतताना बरं वाटायचं. शेजारणी जिन्यात म्हणायच्या, "काय चिकाटी आहे हो तुमची!" त्यांच्या तोंडून ऐकून मला काय करायचं होतं?

हळूहळू 'टे'ही बंद झालं. मग चहा आणि पाणीही गेलं. मी पंधरा मिनिटांची चाळीस केली.

मी ऑफिसात असताना बाबांजवळ टाकव्याच्या एक मावशी असत. एका गुरुवारी ऑफिसात सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून मी दुपारीच परतले. दार किल्लीने उघडलं, तर आतून मावशींचं हसू ऐकू आलं, आणि मग एक पुरुषी आवाज.

"साखर... घाल. अजून."

"ताईस्नी कळलं तर मला काढून टाकत्याल, सर."

"तिला... सांगू नको."

शब्द तुटक होते, पण स्वच्छ. मी चपला न काढताच आत गेले. डाव्या हातात कप धरून बाबा बसले होते. मला बघताच त्यांनी ओठ मिटले.

मावशींना मी बाहेर बोलावलं. "कधीपासून बोलतायत?"

"लय दिस झालं, ताई. दिवाळीच्या आदीपासनं. तुमास्नी सांगू नगं म्हणले. बोललं की ती त्यो शब्द मागती, म्हणले. माज्यापाशी शाळंतलं सांगत्यात, तुमच्या आईचं सांगत्यात."

"माझ्याबद्दल?" विचारताना मला लाजसुद्धा वाटली नाही.

मावशींनी जरा आठवून पाहिलं. "न्हाई ओ. तुमचं काय न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडूही आलं, पण ते नंतर. आधी मी मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मग ऑफिसला फोन करून घरून काम मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबा दाराकडे बघत होते. नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले.

"मावशी?"

"त्या आता येणार नाहीत," मी म्हणाले.

त्यानंतर बाबा कुणाशीच बोललेले नाहीत.