खंदकातली तार

सातवीत शाळा सुटली आणि ब्रश-डबे घेऊन मी कोकणातून उस्मानाबादेत आलो. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. दुकानांच्या उर्दू पाट्या मराठीत रंगवायचं काम निघालं होतं. पाट्या संपल्या की पुढं काय, ही धास्ती कायम असायची. म्हणून येडशीच्या म्हाताऱ्या चाचांनी चित्र सांगितलं, तेव्हा कधी माणूस काढलेला नसतानाही मी हो म्हणालो.

चाचा पहिल्या महायुद्धात फौजेच्या टेलिफोनवर होते. "माझ्या जोडीदाराचं काढ. सास्तूरचा होता, लढाईतच गेला. त्येच्या बायकोला द्यायचंय. चाळीस वर्सं झाली, रिकाम्या हातानं तिच्या दारात जायला धीर होत न्हाय."

मला लढाई ठाऊक होती ती शाळेच्या पुस्तकातली. मी छाती काढून उभा शिपाई काढला, मिशीला पीळ दिला. मागं येडशी स्टेशनाजवळ असतात तसे तारेचे खांब, रांगेनं.

चाचा खोकला येईस्तोवर हसले. "आरं पेंटर, ह्यो लग्नाला निघालाय का? असा हुबा ऱ्हायला असता तर पयल्या गोळीत खलास! आन् खांब कशाला? दुश्मनाला पत्ता द्यायला?"

मग अंगणातल्या मातीत त्यांनी बोटानं खंदक काढला. पुरुषभर खोल, वळणावळणाचा. तार त्याच्या तळाशी, चिखलातून. तोफगोळा पडला की तार तुटायची, टेलिफोन मुका व्हायचा. मग कुणीतरी ती तार मुठीतून सरकवत, तुटलं असेल तिथवर रांगत जायचं आणि टोकं जोडायची.

"त्यो गेला. म्या टेलिफोन कानाला लावून बसलो. लई वेळानं एकदम पलीकडला सायेब बोलाया लागला. म्हंजे तार जुळली. त्यो काय आला न्हाय."

मी मातीतल्या त्या रेघेकडं बघत राहिलो. एका माणसाची मूठ, आणि तिच्यातून शेकडो माणसांसाठी निघालेला आवाज!

"चेहरा कसा होता, चाचा?"

"जाताना पाठ दिसली मला. तीच काढ."

मी चिखलात तार धरून रांगणारी पाठ काढली. एवढ्या वर्षांनी त्या बाईला नुसती पाठ द्यायची, या विचारानं सास्तूरपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चाचा उंबऱ्याबाहेरच थांबले. "वहिनी, म्या त्येच्या संगं होतो," म्हणाले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मी चित्राला गुंडाळलेलं धोतर सोडलं. म्हातारी चित्रावर वाकली.

"तोंड न्हाय काढलं?"

"सांगाल तसं काढून देतो, आजी."

"नगं. तोंड मला वळखू आलं नसतं. सासूसासऱ्यांपुढं मान वर करायची सोय नव्हती. वरीसभर नांदले. त्ये शेताकडं निघाले की चोरून पाठ तेवढी बघायची."

तिनं त्या पाठीवरून तळवा फिरवला. मग बोट तारेवरून सरकवत चित्राच्या कडेपर्यंत नेलं.

"ह्या टोकाला कोण हुतं?"

"मीच, वहिनी."

"मग असं भायेर का हुबे? आत या की."

चाचा वहाणा काढू लागले. पट्टा सुटेना. मी वाकून सोडवला.