टॉवेल-टोपीचा घोळ

माझी सून बेबीनंदा वडीगोद्रीत ब्लाउज शिवते. सगळं काम जुन्या जालन्यातले कापडवाले श्रीपतीशेठ देतात. त्यांचे आभार मानायला मीच तिच्याजवळ टॉवेल-टोपी दिली.

दुकानात ते बघून शेठचं तोंडच उतरलं. "बेबीताई, दुसरं दुकान धरलं का? आमच्याकडं काम सोडतानाच टॉवेल-टोपी देतात."

ती घाबरली. "न्हाई हो काका! तुमच्यामुळंच घर चालून राह्यलंय. आजचं काम द्या ना!"

मंग शेठ हसले, टोपी डोक्यावर ठेवली अन् कापडाचा मोठा गठ्ठा दिला. वरून माझ्यासाठी लुगडंबी पाठवलं.

आता या लुगड्याचे आभार कसे मानावे? काही पाठवलं तर शेठचं तोंड पुन्हा उतरायचं.