ट्रॅक्टर आणि नांगराच्या मधली जागा

होटगीच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखण्यात जिचं निम्मं आयुष्य गेलं, त्या कस्तुराबाईला उतारवयात एकच काम उरलं होतं. ट्रॅक्टर आणि नांगराच्या मधे उभं राहायचं. मुलगा धनाजी ट्रॅक्टर मागं घ्यायचा. ही वाकून ट्रॅक्टरच्या डाव्या दांड्याचं भोक नांगराच्या खुंटीवर बसवायची, पिन मारायची, मग उजवा दांडा, मग वरचा. नांगर अडून बसला की पहार घालून त्याला सरकवायची. हे काम गडी करतात. पण गड्याला मजुरी द्यावी लागते आणि आई फुकट असते, एवढं धनाजीला बरोबर कळत होतं. ट्रॅक्टर घेतला तोच मुळी तिची मेंढरं विकून.

फुकटच्या माणसाची चेष्टाही फुकटच. ती मधे वाकली की धनाजी मुद्दाम क्लच सोडायचा, ट्रॅक्टर हिसका देऊन मागं यायचा, ती दचकायची आणि पारावरची रिकामटेकडी मंडळी खिदळायची. एकदा चेष्टा जरा लांबली आणि तिच्या करंगळीचं पेर खुंटी नि दांड्यात चिरडून गेलं. ती ओरडली तेव्हा धनाजी सीटवरून म्हणाला, "वरडू नगं आये, आजून नऊ हायती की!" हे वाक्य गावात बरेच दिवस चघळलं गेलं. चघळणाऱ्यांत बायकाही होत्या, सगळं पुरुषांच्या माथी मारायला नको.

हसली नाही ती एकटी सून. ऋतुजानं सासूचं बोट धुतलं, बांधलं आणि मोबाइल घेऊन नवऱ्याच्या मागं लागली. "ही फ्रेम बगा. आत्यांना मदी जायाच नगं. तुमाला बी खाली उतरायला नगं."

दुसरं वाक्य धनाजीला पटलं. फ्रेम आली.

लोखंडी चौकट ती. ट्रॅक्टरच्या तिन्ही दांड्यांना कायमची बसवायची. तिला खाली दोन आकडे, वर एक. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, आकडे खुंट्यांखाली घालायचे आणि लिफ्ट उचलायची. खुंट्या आकड्यांत बसल्या की खालच्या दोन्ही आकड्यांचे खटके आपोआप मिटतात. संपलं काम. कस्तुराबाईनं त्या चौकटीला हळदकुंकू वाहिलं. सुटले एकदाची, म्हणाली.

सुटली खरीच. त्याच संध्याकाळी जेवताना धनाजी म्हणाला, "आये, आता तुजं हितं काय काम? कुर्डुवाडीला रेश्माकडं जाऊन ऱ्हा."

"लेकीच्या दारात?"

"मग काय झालं? तितं नळाला पाणी हाय."

"आन् हितला सैपाक?"

"ऋतुजा करती की. चुलीपुढं दोगी कशाला, मिरवायला?"

"मी फ्रेम आणली ती ह्याच्यासाठी न्हाय," ऋतुजा म्हणाली.

"तू गप. रविवारी गाडीत बसवतो तिला."

लेकीच्या दारात भाकरी मोडायची म्हणजे काय, हे शहरातल्यांना सांगून कळायचं नाही. मेल्यावरसुद्धा लोक विचारतात, कुणाच्या दारातनं निघाली? कस्तुराबाईला दुसरी कसली आशा नव्हती. मरायचं ते या दारात, बस्स.

मग ती त्या फ्रेमपुढं बसून राहू लागली. कळपातलं कुठलं मेंढरू लंगडणार, हे तिला चालीवरून कळायचं. लोखंडाचंही तिनं तसंच ओळखलं. खटक्याची मूठ खाली पडली तर कुलूप. मूठ वरच राहिली तर नांगर नुसता आकड्यावर टेकलेला, एका आचक्याचा धनी.

शनिवारी सकाळी नव्या वस्तूला नजर नको म्हणून तिनं तारेत लिंबू, मिरच्या, बिब्बा ओवला आणि ती तार उजव्या खटक्याच्या मुठीला अशी आवळली की मूठ वरच अडकून राहिली. तिनं हे सगळं दिवसाउजेडी आणि सगळ्यांच्या देखत केलं. लिंबू-मिरचीला कोण हटकतं? धनाजी उलट म्हणाला, "बांद, बांद. जाता जाता तेवडं तरी कामाचं कर."

रस्त्यात ओघळ होता. तिथं ट्रॅक्टर आदळेल, नांगर पडेल, फ्रेम वाकेल, धनाजी शिव्या घालील आणि पुन्हा पिना आल्या की पुन्हा आई लागेल, एवढाच तिचा बेत होता. कुणी मरावं असं काही तिच्या मनात नव्हतं.

नांगर उचलून ट्रॅक्टर निघाला. रोज भाकरी घेऊन मागनं कस्तुराबाई जायची, पण आज तिला गाठोडं बांधायचं होतं. म्हणून ऋतुजानं पाटी डोक्यावर घेतली आणि नांगराच्या उजव्या अंगानं चालू लागली.

कस्तुराबाई दारात आली. एक वाक्य पुरलं असतं. तिनं हाक मारलीसुद्धा. "ऋतुजा, थांब! मीठ ऱ्हायलं!"

"घेतलंय की, आत्या!"

"कांदा?"

"त्यो बी घेतलाय. बसा तुमी निवांत." ऋतुजा हसली आणि ट्रॅक्टर गाठायला भरभर निघाली.

कस्तुराबाई दारातच उभी राहिली. तिसरी हाक तिनं मारली नाही.

ओघळात नांगर उजव्या आकड्यातून उसळून सुटला, झोकांडा खाऊन फिरला आणि फाळ ऋतुजाच्या पायावर आला. सोलापूरच्या डॉक्टरांनी घोट्याखालचा पाय काढला. शेजारची तानाबाई म्हणाली, "कस्तुरे, तू लिंबू बांदलंवतंस म्हणून पायावर निभावलं, न्हायतर पोरगी गेलीच असती." कस्तुराबाईनं मान हलवली.

धनाजीनं दोष कुणाला दिला? बायकोला. "तुजंच खूळ हुतं फ्रेमचं. भोग आता." वाकलेली चौकट त्यानं गोठ्यामागं फेकली. पिना परत आल्या. कुर्डुवाडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कारण आता सासूच स्वयंपाक करत होती, धुणं धूत होती आणि सुनेला धरून मोरीपर्यंत नेत होती. गावात तिचं कौतुक सुरू झालं.

एका सकाळी ती ऋतुजाची पट्टी बदलत होती. ऋतुजानं तिचा हात धरला. "आत्या, तुमी न्हाई ना जाणार? मला सोडून?"

"न्हाय गं."

"माझ्यामुळं निघाला हुता तुमी. म्या फ्रेम आणली म्हणून. माफ करा मला."

बोलायला तोंड उघडलं होतं कस्तुराबाईनं, हे खरं. तेवढ्यात बाहेर धनाजीनं हॉर्न वाजवला. "आये, मेलीस काय? ये लवकर!"

"आले," ती म्हणाली. उरलेली पट्टी तिनं घाईघाईनं गुंडाळली, पदर खोचला आणि अंगणात जाऊन मधल्या जागेत उभी राहिली.

"घे मागं."